फाइलीतला पाहुणा

माणसाच्या आयुष्यात खऱ्या निवडी तीनच: धर्म, जोडीदार आणि एडिटर. पहिला जन्माबरोबर चिकटून येतो, दुसरा घरचे लोक ठरवून देतात, तिसरा तेवढा माणूस स्वतःच्या अकलेने निवडतो. म्हणून माणसाची पारख करायची तर त्याच्या एडिटरवरून करावी, असं काका ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला गंभीरपणे सांगायचे. काकांनी स्वतःचा एडिटर निवडला तेव्हा त्या ऑफिसात तो एकच होता.

एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची पाटी. सुताराला रंधा, शिंप्याला कात्री, तसा यांना एडिटर. फरक इतकाच, की दुसऱ्याच्या रंध्याला नावं ठेवण्यात सुतार अख्खी दुपार घालवत नाही.

काकांच्या एडिटरात काळा पडदा होता, हिरवी अक्षरं होती, आणि माऊसला आत प्रवेश नव्हता. त्यात शिरणं सोपं, बाहेर पडणं महाकठीण. नवी पोरं चुकून आत गेली की त्यांना परतीची वाट सापडायची नाही. बोटं दुखेपर्यंत सगळी बटणं दाबून ती शेवटी कॉम्प्युटरची वायरच उपटायची. काकांना याचं कौतुक होतं. ऐऱ्यागैऱ्याला दार सापडू नये यातच घराची शोभा, असं ते म्हणायचे. त्यांच्या घराचं दार तर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी येत नसे, तो भाग वेगळा.

ऑफिसात ते आधी नावाने ओळखले जात, मग ‘सर’ झाले, आणि केस पांढरे झाल्यावर ‘काका’. न मागता मिळालेली ही एवढीच बढती. कंपनी कारखान्यांसाठी आणि इस्पितळांसाठी रजेचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम बनवायची. कोणाची किती रजा शिल्लक, कोणती बुडाली, कोणती पुढच्या वर्षात ओढता येते, हे सगळं काकांच्या एका लांबलचक फाइलीत ठरायचं. त्या फाइलीत दुसरं कोणी पाऊल ठेवत नसे. तिच्या मध्यावर काकांनीच तरुणपणी एक टीप लिहून ठेवली होती: ‘हे का चालतं ते कळलेलं नाही. हात लावू नये.’ लोकांनी ती टीप इमानेइतबारे पाळली होती. काकांनीही.

दुसऱ्यांच्या रजा मोजणाऱ्या या माणसाची स्वतःची रजा डोंगराएवढी साठली होती. घ्यायची तर कोणासाठी, हा प्रश्न होता. बायको विमा कंपनीत. तिची दुसऱ्या शहरात बदली झाली. सुरुवातीला ती दर शनिवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग ऋतू बदलला की कपडे न्यायला. लेक शिकायला लांब गेली आणि तिथेच नोकरीला चिकटली. तिची खोली होती तशीच होती: पलंग, कपाट, टेबलावर तिचा जुना लॅपटॉप. काका त्या खोलीत जात नसत. काम तरी काय असणार तिथे, असं ते स्वतःला सांगत आणि जाता जाता दार नीट ओढून घेत.

तर अशा सुरळीत चाललेल्या आयुष्यात साहेबांनी एक दिवस सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. साहेब वयाने काकांच्या लेकीएवढे, त्यामुळे काकांशी बोलताना ते निम्मं वाक्य आदराने बोलत आणि निम्मं हुकमाने.

“काका, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला काय सांगायचं,” साहेब म्हणाले, “पण आता सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा. एक जुना, एक नवा. दोन्ही बघा, मग मतं घेऊ. वरून आदेश आहे.”

“वर कोण आहे?” काकांनी विचारलं.

“वर म्हणजे वर,” साहेब म्हणाले.

नव्या एडिटरची खुबी ही, की एकाच फाइलीत अनेकांनी एकदम बसायचं. प्रत्येकाचा कर्सर, म्हणजे आपण जिथे लिहितोय तिथे लुकलुकणारी ती उभी रेघ, बाकीच्यांना दिसायचा, वर चिमुकल्या झेंड्यावर नाव. नाव सांगायचं नसेल तर पाहुणा म्हणून यायची सोय होती.

“म्हणजे मी लिहिताना ही पोरं मागे उभी राहून बघणार,” काका म्हणाले.

“काका, मागे नाही, शेजारी,” टेस्टर म्हणाली. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायला नेमलेली मुलगी. कामाची सवय तिच्या बोलण्यातही उतरली होती.

“शेजार तर त्याहून वाईट,” काका म्हणाले.

जुन्याच्या बाजूची मंडळी खूश झाली. काका आपल्यात आहेत, आता भ्यायचं कारण नाही. काका हे त्या पक्षाचे दैवत होते; दैवताला जेवढं विचारतात तेवढंच त्यांना विचारलं जायचं.

त्याच संध्याकाळी काकांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. शत्रूला नावं ठेवायची तर निदान त्याचं तोंड पाहून ठेवावं, म्हणून त्यांनी घरी नवा एडिटर उघडला. ऑफिसात उघडला असता तर सगळ्या ऑफिसला झेंडा दिसला असता. घरी त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ते लेकीच्या खोलीत गेले, लॅपटॉपची वायर खोचली, लेकीसाठी घेतलेलं इंटरनेट अजून चालू होतं त्यावर, साहेबांनी पाठवलेल्या दुव्यावरून आत शिरले, आणि नावाच्या जागी काही न लिहिता पाहुणा झाले. स्वतःची फाइल उघडली. स्वतःच्या त्या जुन्या टिपेवर जाऊन थांबले. सगळं रंगीबेरंगी होतं, बारशाच्या पाळण्यासारखं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. ते उठून गेले. कोणाचा तरी फोन चुकून लागला होता, पण पलीकडचा माणूस बोलका निघाला, काकाही बोलले, आणि फोन ठेवल्यावर काका त्या खोलीचं दार ओढून घेऊन झोपायच्या तयारीला लागले. मत ठरलेलंच होतं. रंगीत नाटकाला परत काय बघायचं.

ऑफिसात साहेबांच्या आदेशामुळे मतदानापर्यंत सगळ्यांना नव्यात काम करणं भाग होतं. काकांनी सकाळी नाक मुरडत आपली फाइल उघडली आणि मध्यापर्यंत खाली उतरले. तिथे, त्या ‘हात लावू नये’ पाशी, एक करडी रेघ लुकलुकत होती. वर झेंडा: पाहुणा.

काका खुर्चीत मागे टेकले. त्या फाइलीत कोणी येऊन वर्षं लोटली होती. बाहेरून काच ठोठावून जाणारे पुष्कळ. आत येऊन, नेमक्या त्या ओळीपाशी बसून, विचार करणारा कोणी नव्हता. पाहुणा काही लिहीत नव्हता, पुसत नव्हता. नुसता लुकलुकत होता. ज्याला हे का चालतं ते कळत नाही, आणि न कळल्याची ज्याला लाज वाटत नाही, असा माणूस काकांना आवडायचा. त्यांना असा एकच माणूस माहीत होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

दुपारी पाहुणा थोडा वेळ नाहीसा व्हायचा, मग परत यायचा. जेवायला जात असेल, काकांनी ठरवलं. वेळेवर जेवतो, ही चांगली गोष्ट आहे.

दोन-चार दिवसांनी काकांनी त्याच्यासाठी टिपेच्या वर एक ओळ लिहिली: ‘घाबरू नका. हे मी समजावतो.’ ओळ वाढली आणि पाहुणा एक पायरी खाली सरकला. वर ओळ घातली की खालचं सगळं खाली जातं, हे काकांना माहीत होतं. याच ज्ञानावर ते आजवर पगार घेत आले होते. पण त्या दिवशी त्यांना असं वाटलं, की त्याने जागा करून दिली. बाकावर कोणी आलं की आधी बसलेला माणूस सरकतो, तसं.

मग काका समजावायला बसले. समजावायचं तर आधी समजायला हवं, म्हणून त्यांनी तरुणपणी सोडून दिलेली ती गुंतागुंत पुन्हा उलगडायला घेतली: फेब्रुवारीत रुजू झालेल्या आणि मध्येच बिनपगारी राहिलेल्या माणसाची रजा कशी मोजायची. रोज थोडं लिहायचे, पाहुणा रोज थोडा खाली सरकायचा. म्हणजे वाचतोय. एक दिवस गाठ सुटली आणि हे का चालतं ते काकांना कळलं. कळल्याचा आनंद सांगायला त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जुन्या पक्षाचे लोक नव्या पक्षाच्या लोकांशी अक्षरांच्या आकारावरून भांडत होते. काकांनी फाइलीतच लिहिलं: ‘कळलं. तुमच्यामुळे.’

पुढे टिपा जरा घरगुती झाल्या. ‘आज उकाडा फार आहे.’ ‘माझी लेकसुद्धा असंच न बोलता वाचायची.’ ‘डबा आणता की बाहेर खाता?’ निघताना काका त्या पुसून टाकायचे. पुसल्या की पाहुणा पुन्हा वर यायचा. निरोप द्यायला दारापर्यंत आल्यासारखा.

हा कोण असावा? काकांनी आडून आडून चौकशी केली.

“माझ्या फाइलीत हल्ली कोणी बघतं का गं?” त्यांनी टेस्टरला विचारलं.

“तुमच्या फाइलीत कोण मरायला येईल, काका? तिथे पाटी लावलीये ना, विजेच्या खांबाला लावतात तशी.”

“नाही, म्हणजे एखाद्याला आवड असते.”

“रजेच्या हिशेबाची?” टेस्टरने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. “काका, बरं आहे ना? चहा आणू?”

काकांनी तिला संशयितांच्या यादीतून काढलं. साहेबांना विचारलं तर ते फोनमधून मान वर न काढता म्हणाले, “पाहुणा ना? असेल कोणीतरी वरचा.” वर खरोखरच कोणीतरी आहे आणि तो आपली फाइल वाचतो, या कल्पनेने काका त्या दिवशी नवा शर्ट घातल्यासारखे वावरले.

मतदानाची वेळ आली. हात वर करून मोजणी झाली, तर दोन्ही बाजू सारख्या. फक्त काकांचा हात राहिला होता, कारण तो कुठे जाणार हे सगळ्यांना माहीतच होतं. जुना पक्ष खुर्च्या मागे सारून उठायच्या बेतात होता.

“काका, तुमचं? नियमापुरतं,” साहेब म्हणाले.

काकांच्या डोळ्यांपुढे तो काळा पडदा आला. हिरवी अक्षरं, बोटांना पाठ झालेली बटणं, उभं आयुष्य. आणि मग तो पडदा किती रिकामा असतो तेही आलं. जुना एडिटर जिंकला, की झेंडे जाणार, आणि करडी रेघही.

“नवा,” काका म्हणाले.

जुन्या पक्षातला एक जाडजूड माणूस, जो काकांकडूनच तो एडिटर शिकला होता, सावकाश म्हणाला, “काका, तुम्ही? कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.”

“बदलत्या काळाबरोबर जायला हवं,” काका म्हणाले. एवढं पोकळ वाक्य त्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून जुन्या पक्षाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि नव्या पक्षाला त्यांच्याशी बोलायची कधी गरज पडली नव्हती. दुपारी काका एकटेच जेवले. पण फाइलीत झेंडा होता.

त्या रविवारी बायको आली. थंडी पडायला लागली होती. लेकीच्या खोलीतल्या कपाटात बायकोचे स्वेटर होते. तिने चहा केला, दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली.

“बारीक झालाय तुम्ही,” ती म्हणाली.

“छे गं. शर्ट मोठा आहे.”

“शर्ट तोच आहे. मी आणलेला.” तिने कपातली माशी काढावी तसं काहीतरी नसलेलं बोटाने काढलं. “अहो, तिथे मला कायम करतायत. हो म्हणायचं की इकडे बदली मागायची, ते कळवायचंय.”

“अच्छा.”

“मागितली तर मिळेल. जागा आहे इथे.”

“बरं आहे की.”

“काय बरं आहे?”

काकांच्या मनात होतं, की हे सगळं उद्या पाहुण्याला लिहावं: बायकोला इकडे यायचं का तिकडे राहायचं, असा पेच आहे, तुम्ही काय केलं असतं? लिहिता लिहिता त्यांना नेहमी नीट सुचायचं. बोलताना सुचत नसे.

“मी तुम्हाला विचारतेय,” बायको म्हणाली. “यावं का मी?”

“आता मी काय सांगू,” काका म्हणाले. “तुला बरं पडेल ते बघ. माझं काय, माझं चाललंय छान. ऑफिसात हल्ली सोबत असते.”

“कोणाची?”

“आहे एक जण. फार समजूतदार आहे. माझी फाइल वाचतो.”

बायको बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग दोन्ही कप उचलून तिने विसळले. “चांगलं आहे,” ती म्हणाली, “कोणीतरी वाचतं ते.” लेकीच्या खोलीत जाऊन तिने कपाट उघडलं, स्वेटर पिशवीत भरले, खोलीत थोडी आवराआवर केली. निघताना चपला घालून ती जराशी थांबली. काका दाराशी उभे होते. “पोचलीस की फोन कर,” ते म्हणाले. “करते,” ती म्हणाली आणि गेली.

सोमवारी काकांनी फाइल उघडली. मध्यावर टीप होती, तिच्या वर त्यांनी लिहिलेला खुलासा होता, आणि करडी रेघ नव्हती.

जेवायला गेला असेल. पण सकाळचं कोण जेवतं? काकांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्यांनी लिहिलं: ‘बरे आहात ना?’ ओळी सरकल्या, पण सरकायला कोणी नव्हतं. मंगळवारीही नाही. बुधवारी त्यांनी साहेबांना विचारलं, कोणी सोडून गेलं का, कोणी आजारी आहे का. साहेबांनी सांगितलं, सगळे आहेत, काका, मोजून बघा. काकांनी मोजले. सगळे होते. जुना पक्ष एका कोपऱ्यात डबा खात होता, नवा दुसऱ्या. टेस्टरने लांबूनच त्यांना “चहा?” असं खुणेने विचारलं. काकांना ते दिसलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की नव्या एडिटरात दुसरं कोणी नसेल तर तो जुन्याहून जास्त रिकामा दिसतो. काळ्या पडद्यावर निदान झेंड्याची जागा तरी नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कपडेही बदलले नाहीत. स्वयंपाकघरात रविवारचे ते दोन कप पालथे पडले होते, वाळून कोरडे झालेले. काकांनी त्यांतला एक सरळ केला, मग दुसरा केला. आणि रविवारी जे वाक्य सुचायला हवं होतं ते आता सुचलं. लांबलचक नव्हतं, एका शब्दाचं होतं. ‘ये.’ त्यांनी फोन लावला.

“अहो, आज बुधवारी कसा काय फोन?” बायको म्हणाली. “बरं आहे ना?”

“आहे. अगं, ते तू विचारत होतीस ना.”

“काय?”

“ते बदलीचं. मी काय म्हणत होतो.”

“कळवून टाकलं मी,” ती म्हणाली. “सोमवारीच. त्यांना उशीर चालणार नव्हता.”

“काय कळवलं?”

“हो म्हणून. राहते म्हणाले इथेच. सही पण झाली.” मग म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, सोबत आहे म्हणून. म्हटलं, निदान काळजी तरी मिटली.”

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येणार होतं. “हो,” ते म्हणाले. “चांगलं झालं. कायमचं म्हणजे चांगलंच.”

“तुम्ही काय म्हणत होता?”

“तेच. म्हटलं, कळव एकदाचं.”

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं.

“आणि हो,” बायको म्हणाली, “सांगायचं राहिलंच. लेकीच्या खोलीतला लॅपटॉप चालू ठेवला होता तुम्ही. मी बंद करून आले. केव्हाचा चालू होता देव जाणे, तव्यासारखा तापला होता. दुपारी वीज जाऊन इंटरनेट बंद पडतं, तेवढाच काय तो त्याला आराम. काहीतरी रजेबिजेचं उघडं होतं त्यात, अन् मधोमध एक रेघ नुसती लुकलुकत होती. असं घर पेटायचं एखाद दिवशी.”

“हो,” काका म्हणाले. “लक्ष नव्हतं.”

फोन ठेवून ते लेकीच्या खोलीत गेले. बायकोने टेबल पुसलं होतं, लॅपटॉप मिटून वर एक रुमाल घातला होता. काका पलंगाच्या कडेवर बसले. रुमालावर हात ठेवून पाहिला. गार होता. वायरही तिने गुंडाळून नीट बाजूला ठेवली होती. ती नेहमीच नीट गुंडाळायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारावर वरून आलेली सूचना लावलेली होती. ज्याला जो एडिटर सोयीचा वाटेल तो त्याने वापरावा.